रिकाम्या होडीचा वर्ख

तीस वर्षांत माझा एकही वर्ख परत आलेला नव्हता. हे मी स्वतःहून कुणाला सांगत नसे. विचारलं तर सांगायचे, आणि कुणी विचारलंच नाही तर बोलता बोलता विषय तिकडे वळवायचे.

वर्ख हा माझा शब्द. बाकी सगळे टार्गेट म्हणतात. बाटलीच्या झाकणाएवढी एक चौकट, तिच्यावर ताणलेला कार्बनचा पडदा, इतका पातळ की जवळ कुणी शिंकलं तर फाटावा, आणि त्या पडद्यावर एका जड धातूचा तेवढाच नाजूक थर. हा वर्ख मशीनमध्ये उभा करतात आणि त्याच्यावर हलक्या केंद्रकांचा झोत मारतात. हेतू असा की हलकं केंद्रक जड केंद्रकावर आदळावं, दोघं एकजीव व्हावेत आणि जगात आजवर नव्हतं असं एखादं महाजड मूलद्रव्य क्षणभर तरी जन्माला यावं. बहुतेक वेळा तसं काही होत नाही, सगळं फुटतं. आमच्या संस्थेतली निम्मी माणसं ते कसं फुटतं एवढंच बघत असतात. त्यांतली एक माझी भाची.

भाची म्हणजे धाकट्या बहिणीची मुलगी. नोकरी लागली तशी माझ्याच घरी राहायला आली. ती मला मावशी म्हणते म्हणून आता सगळी संस्था मावशी म्हणते, अगदी माझ्याहून वयाने मोठे असलेलेसुद्धा. त्याआधी माझं नाव वर्खवाली होतं. माझी दोन्हींना हरकत नाही.

हे फुटण्याचं प्रकरण तिने मला समजावलं ते स्वयंपाकघरात, पिठाचे दोन गोळे घेऊन. तीस वर्षं मी वर्ख करत होते, पण त्याचं पुढे काय होतं हे मला इतक्या नीट कुणी सांगितलं नव्हतं.

"हा मोठा, हा लहान," ती म्हणाली. "चिकटले. थोडं पीठ इकडचं तिकडे गेलं, आणि मळून होण्याआधीच सुटले. मग तुकडे कसे पडतात? एक मोठा, एक लहान. आले तसेच गेले म्हण."

"आणि मळून झाले तर?"

"तर कोण मोठा, कोण लहान हेच विसरतात. नंतर फुटले तर निम्मे-निम्मे फुटतात."

"म्हणजे फुटायचं काही चुकत नाही."

"नाही चुकत. पण दुसऱ्या प्रकारात ते आधी एक झालेले असतात. एक होत असतील, तर लाखो-कोटींत एखादं न फुटता टिकेल. पहिल्या प्रकारात तेवढीही आशा नाही."

म्हणून ही मंडळी तुकड्यांचं वजन काढतात आणि आलेख मांडतात. डावीकडे लहान तुकड्यांचा ढीग, उजवीकडे मोठ्यांचा, आणि मध्ये दरी. सगळ्यांचे डोळे त्या दरीकडे लागलेले असतात. मध्ये ढीग दिसला तर एकजीव झाले. नाहीतर नुसतेच भेटले आणि वेगळे झाले.

गेल्या वर्षी मधला ढीग दिसला.

संस्थेत आनंदीआनंद झाला. ही नवी जोडी होती, असा झोत अशा धातूवर कुणी चालवला नव्हता. भाचीच्या गटाचे प्रमुख, ज्यांना आम्ही त्यांच्या मागे लगीनघाई म्हणतो, त्यांनी लगेच तीन महिन्यांच्या झोताची मागणी केली. याच जोडीने नवं मूलद्रव्य शोधायचं आणि शोधाची सूत्रं भाचीकडे द्यायची असं ठरलं. मागणीवर गुरुवारी समिती बसणार होती. भाचीला तिशी लागून तीन वर्षं झाली होती. एवढं मोठं काम तिच्या वयाच्या कुणाला आमच्याकडे मिळालं नव्हतं, आणि ते माझ्या वर्खावर उभं होतं. माझी छाती किती फुगली होती हे सांगायला नको.

त्या आधीच्या रविवारची गोष्ट. भाची जेवणाच्या टेबलाशी उभी राहून समितीपुढच्या भाषणाची तालीम करत होती आणि मी तिचा गुरुवारचा सदरा इस्त्री करत होते. भाषणासोबत दाखवायच्या पहिल्या चित्रावर तिने मुद्दाम माझं काम घातलं होतं.

"या वर्खासाठी आमच्या कार्यशाळेने सत्तेचाळीस टक्के उतारा मिळवला. हा आजवरचा उच्चांक आहे."

हा सत्तेचाळीसचा आकडा दोन महिने मी स्वतःच सगळीकडे मिरवला होता. कँटीनमध्ये तर तो ऐकला नाही असा माणूस उरला नसेल. पण तोच आकडा दुसऱ्याच्या तोंडून, भाषणाच्या सुरात ऐकला आणि पहिल्यांदाच मला तो जरा जास्त वाटला. इस्त्री सदऱ्यावर टेकलेली तशीच राहिली.

"मावशी, जळतंय."

सदऱ्याला खिशाखाली तपकिरी डाग पडला होता. मी काहीतरी पुटपुटले आणि आत गेले.

उतारा म्हणजे काय ते सांगते. टँटलमच्या पत्र्याची नखाएवढी होडी करायची, तिच्यात जड धातूची पावडर ठेवायची, सगळी हवा काढून घ्यायची आणि होडीतून करंट सोडायचा. होडी तापते, पावडरीची वाफ होते आणि वर टांगलेल्या पडद्यावर बसते. शंभर भाग पावडर ठेवली तर चाळीस भाग पडद्यावर येते, बाकीची भिंतींवर जाते; वर्खाचं वजन किती वाढलं त्यावरून हे कळतं. चाळीसमध्ये माझं कौशल्य काही नाही. वाफ सगळीकडे उडते आणि पडदा जेवढी जागा अडवतो तेवढीच त्याच्या वाट्याला येते. मी कितीही हुशार असले तरी वाफेला वळण लावू शकत नाही. मग हे वरचे सात आले कुठून?

आणि मला तो कण आठवला.

ही पावडर दूरच्या एका अणुभट्टीत तयार होते आणि वर्षातून एकदा शिशाच्या डबीतून येते. चिमूटभरही नाही, फक्त बारा मिलिग्राम. तिच्यातला कण वाया घालवायचा नाही ही माझी शिस्त, आणि खरं सांगायचं तर माझा गर्वही. त्या दिवशी सगळी पावडर उडाली आणि एकच कण होडीच्या कोपऱ्यात अडून बसला. मी करंट वाढवला. हलेना. आणखी वाढवला. होडी नारिंगीची पिवळी झाली, पिवळीची पांढरी झाली. मी पापणी न लववता काचेतून बघत होते. शेवटी गेला एकदाचा, आणि त्याच वेळी होडीचा तो कोपरा चमकून जळाला. भोक पडलं. मी करंट बंद केला आणि स्वतःवरच खूश झाले. होडी दुसरी वाकवता येते, पावडर कुठून आणणार?

सोमवारी सकाळी सगळ्यांच्या आधी कार्यशाळा उघडली. जड धातू ज्याला लागला ते काहीही आम्ही फेकत नाही, काचेच्या पेटीत डब्यांत ठेवतो. पेटीच्या भिंतीतल्या लांब हातमोज्यांत हात घातले आणि ती जळकी होडी शोधली. डबीच्या झाकणावर माझ्याच अक्षरात तिचं नवेपणीचं वजन होतं, एकशे बारा मिलिग्राम. पेटीतल्या तराजूवर ठेवली. एकशे दहा भरली.

दोन मिलिग्राम टँटलम उडालं होतं. त्याचे चाळीस टक्के वर्खावर. माझे वरचे सात टक्के तेवढेच होतात.

मी स्टुलावर बसले. मला लाज वाटली. भीती नंतर वाटली, आधी लाज वाटली. टँटलम जड असलं तरी आमच्या धातूच्या मानाने हलकं. तो झोत टँटलमवर आदळला तर दोघं सहज एकजीव होतात आणि मग बरोबर निम्मे-निम्मे फुटतात, एवढं मला भाचीच्या पिठाच्या गोळ्यांनी शिकवलं होतं. मधला ढीग नव्या जोडीचा असेल किंवा माझ्या होडीचा. कुणी विचारणार नव्हतं. तीस वर्षं एकही वर्ख परत न आलेल्या बाईला कोण विचारणार?

भाची आपल्या टेबलाशी होती. मी डबी तिच्यासमोर ठेवली आणि जे होतं ते सांगितलं. तिने मध्ये एकदाही तोडलं नाही. मग म्हणाली, "गुरुवार आहे, मावशी."

"माहीत आहे."

"आणि तू हे सोमवारी सांगतेस."

"रविवारी कळलं. तुझा सदरा जळला तेव्हा."

तिला हसू आलं नाही. ती उठली, खिडकीपर्यंत गेली, परत आली. "दोन महिने सगळ्यांना सांगत फिरलीस, सत्तेचाळीस, सत्तेचाळीस. एकदाही वाटलं नाही की जास्त कसे?"

"नाही वाटलं. कौतुक चाललं होतं, बरं वाटत होतं."

तिने संगणकाच्या पडद्यावर तो मधला ढीग उघडला. मग हळूच म्हणाली, "दोन्ही तुकडे मिळून पुढे किती ढकलले जातात, त्यावरून धडक कशाशी झाली ते कळतं. जड वस्तूशी झाली तर धक्का कमी. मधल्या ढिगातल्यांचा धक्का जास्त होता."

"मग?"

"मोजमापातला फरक असेल म्हणून न जुळणारे तुकडे गाळणारी चाळणी मी सैल ठेवली. इतका झोत चालवून मध्ये तेवढेच तर हाती लागले होते. टाकवेनात."

"म्हणजे तूही."

"मीही," ती म्हणाली. "कुणाची भाची आहे."

तिथे आमचं भांडण संपलं. रडायला बसण्याचा आमच्या घरात रिवाज नाही. मी म्हटलं, संशयावर कुणी समितीपुढे जात नाही, पुरावा घेऊन जातात. पुरावा कसा करायचा हे मला माहीत होतं. तशीच दुसरी होडी घ्यायची, तिच्यात काहीही ठेवायचं नाही, तोच करंट द्यायचा, तेवढाच वेळ, कोपरा जळेपर्यंत. तो वर्ख मशीनमध्ये लावायचा. जड धातूचा एक कणही नसताना मधला ढीग उभा राहिला, तर तो माझा.

मंगळवारी मी तो वर्ख केला. आयुष्यभर चुका टाळत वर्ख केले, हा एकच असा की ज्यात चूक मुद्दाम, मापून, काळजीने चढवायची होती. सांगायला हरकत नाही, फार सुंदर उतरला.

राहिला प्रश्न झोताचा. झोत चालवणारे गृहस्थ माझ्याच वेळचे, तीस वर्षं कँटीनच्या एकाच टेबलावर बसणारे. बुधवारी सकाळी दोन प्रयोगांच्या मध्ये मशीन चार तास मोकळं होतं. मी मागितलं आणि कारणही सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"हात दाखवून अवलक्षण कशाला करून घेता? झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मूठ माझी आहे. उघडायची की नाही ते मी ठरवते."

"उघडल्यावर परत मिटता येत नाही हो."

"मिटायचीच नाहीये. तुम्ही झोत द्या."

त्यांनी दिला. चार तास मी आणि भाची संगणकासमोर बसलो. पहिल्या अर्ध्या तासात चारदोन ठिपके पडले, तेही विखुरलेले. माझ्या मनात एक चोरटी आशा आली की नसेलच काही, उगाच घाबरलो. तासाभरात ते मध्ये जमू लागले. दुपारपर्यंत डावी-उजवी बाजू मोकळी आणि मध्ये गोलसर, नीटनेटका ढीग. भाचीने जुना आलेख आणून त्यावर ठेवला. ढिगावर ढीग बसला. मग तिने चाळणी घट्ट करून जुना आलेख पुन्हा काढला. मध्ये दरी होती, पार तळापर्यंत रिकामी.

"एकही नाही," ती म्हणाली. "ही जोडी एकजीव होतच नाही. नुसती भेटते आणि सुटते."

ती रडेल असं मला वाटलं होतं. तिने मान खाली घातली, दोन बोटांनी डोळे दाबले, आणि मान वर केली तेव्हा ती दुसरंच काहीतरी बघत होती. डावीकडचा लहान तुकड्यांचा ढीग किती अरुंद आहे, म्हणजे दोघं किती लवकर सुटतात, आणि जरा आणखी हलक्या केंद्रकांचा झोत घेतला तर ते जास्त वेळ चिकटून राहतील का, हे ती मला सांगू लागली. मला निम्मं कळलं. पण तिचा आवाज ठीक होता, एवढं कळलं.

लगीनघाईंना आम्ही संध्याकाळी गाठलं. त्यांनी दोन्ही आलेख पाहिले, होडीचं वजन पाहिलं आणि खुर्चीत मागे टेकले. माणूस वाईट नाही, फक्त थांबता येत नाही त्याला.

"थोडा तरी खरा असेल ना? दहा टक्के?"

"नाही," भाची म्हणाली.

"मग उद्याची मागणी मागे घेऊ."

"मागे नको. मी जाते. जे आहे ते सांगते."

मग ते माझ्याकडे वळले. "मावशी, तुमच्या एका कणापायी तीन महिने गेले."

"गेले नाहीत, वाचले," मी म्हटलं. "तीन महिने झोत मारून हाती काय आलं असतं? माझी होडी."

बोलले खरी ठसक्यात, पण जिना उतरताना तो ठसका उरला नव्हता. त्या पोरीच्या हातातलं काम मी काढून घेतलं होतं. खरं बोलल्याने ते परत येणार नव्हतं.

समितीच्या खोलीत आम्हा कार्यशाळेवाल्यांना कुणी बोलावत नाही. गुरुवारी भाचीने मला नेलं आणि मागच्या खुर्चीवर बसवलं, कामाच्या पांढऱ्या कोटात. तिने तोच सदरा घातला होता, डागावर फाइल धरून. पहिलं चित्र सत्तेचाळीस टक्क्यांचं होतं, ते तिने काढलं होतं. त्या जागी रिकाम्या होडीचा आलेख होता.

"तुमच्याकडे आलेल्या मागणीत जो ढीग आहे तो हा," तिने सुरुवात केली. "आणि या वर्खावर तो धातूच नाही."

खोलीत सात माणसं होती. कुणी पेन खाली ठेवलं, कुणी उचललं. ती पंधरा मिनिटं बोलली. करंट, जळकी होडी, दोन मिलिग्राम, आपली सैल चाळणी, काही गाळलं नाही. सैल चाळणीची चूक तिने माझ्या चुकीच्या आधी सांगितली. मग रिकामी दरी दाखवली, लवकर सुटणाऱ्या तुकड्यांबद्दल सांगितलं आणि म्हणाली, तीन महिने नकोत. हलक्या झोतासाठी बारा दिवस द्या.

समितीच्या अध्यक्षा पिकल्या केसांच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"बारा दिवसांसाठी वर्ख कोण करणार?"

"त्याच. मावशी."

"ज्या हातांनी खोटा ढीग आला, त्याच हातांचा पुढचा वर्ख आम्ही का घ्यावा?"

मी खुर्चीची कड घट्ट धरली. तीस वर्षांचं सांगणं मला स्वतःलाच पोकळ वाटलं असतं.

"कारण पहिल्या चित्रातला वर्खही त्याच हातांचा आहे," भाची म्हणाली. "मला संशय आला नव्हता. प्रमुखांना आला नव्हता. मागणी वाचून तुम्हालाही आला नव्हता. मावशींना आला, आणि त्यांनी स्वतःची चूक वर्खावर चढवून मला आणून दिली. असं दुसरं कुणी करत असेल तर मला सांगा, मी त्यांच्याकडून घेते."

अध्यक्षांनी कागदावर काहीतरी लिहिलं.

तीन महिने दुसऱ्या गटाला गेले. आम्हाला बारा दिवस मिळाले, सूत्रं भाचीकडे. तीस वर्षांत माझा एकही वर्ख परत आला नव्हता. आता एक आला, आणि तो मीच परत आणला. कँटीनमध्ये हल्ली मी हे सांगते, कुणी विचारलं नाही तरी.

यंदाची पावडर आली तेव्हा भाची माझ्याशेजारी काचेला नाक लावून उभी होती. होडी नारिंगी झाली, पावडर उडाली, आणि एक कण कोपऱ्यात अडून बसला. नेमका तसाच. माझा हात आपोआप बटणाकडे गेला. थोडासाच वाढवला असता तर निघाला असता, हे मला आजही माहीत आहे.

मी करंट बंद केला. होडी हळूहळू विझली.

"राहिला गं एक," भाची म्हणाली.

"दिसतोय मला. राहू दे."

होडीचं वजन केलं, नवेपणीच्या वजनाहून त्या कणाएवढंच जास्त भरलं. मग वर्खाचं केलं आणि आकडा वाचला. "एकोणचाळीस."

तिने तो वहीत लिहिला, खाली दोन रेघा मारल्या, आणि म्हणाली, "पहिल्या चित्रावर हाच घालते."